घरच्या ग्रुपवर मी गप्प का?

फेसबुकवर मी धीट असतो. कुणी अनोळखी माणसाने इतिहासाची मोडतोड केली, चुकीचे आकडे दिले, की मी मूळ दाखला शोधून काढतो, चार परिच्छेद लिहितो, आणि खाली 'अगदी नेमकं बोललात' अशी एखादी प्रतिक्रिया आली की ती पुन्हा पुन्हा उघडून बघतो. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र मी गप्प. तिथे मामा रोज सकाळी काही ना काही टाकतात. कधी लिंबाच्या रसाने बरा होणारा कर्करोग, कधी एखाद्या थोर माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य, कधी एखाद्या समाजाबद्दल असं काही, जे मामा समोर बसून कधी बोलले नसते. मी ते वाचतो. खोटं आहे हे मला कळतं. आणि मी तसाच खाली सरकतो, भाचीच्या स्कॉलरशिपच्या निकालाखाली फुलं टाकतो.

या गप्प बसण्याला मी वर्षानुवर्षं वडीलधाऱ्यांचा मान असं नाव दिलं आहे. माझ्या कॉलेजची फी मामांनी भरली. तीस-पस्तीस नातेवाइकांसमोर त्यांना खोटं पाडायचं? शोभेल का ते? प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणूनच तो मला इतका सोयीचा आहे. मान राखायचा असता तर मी त्यांना बाजूला फोन करून सांगितलं असतं. तेही मी केलं नाही. मग हा मान कसला?

खरं कारण कमी शोभेचं आहे. अनोळखी माणसाशी भांडून माझं काही जात नाही; झालीच तर वाहवा होते. घरी बोललो तर दिवाळीच्या पंगतीत जरा अवघडल्यासारखं होईल, कुणीतरी 'फार शिकला ना तो' म्हणेल, आणि 'शहाणा, समंजस भाचा' ही माझी ओळख थोडी खरवडली जाईल. म्हणजे जिथे बोलणं फुकट पडतं तिथे मी बोलतो, आणि जिथे पदरचं काही जाणार तिथे तोंड मिटून बसतो. फेसबुकवरच्या माझ्या त्या चार परिच्छेदांना मग काय म्हणायचं?

समाजमाध्यमांचा आयुष्यावर परिणाम होतो का, या प्रश्नावर आता बोलण्यासारखं फार उरलेलं नाही. होतो. आपण झोपेतून उठून आधी काय हातात घेतो हे प्रत्येकाला माहीत आहे. मला छळतो तो प्रश्न वेगळा आहे: या सगळ्यात मी कोण झालो आहे? सकाळी ग्रुपवर काही सनसनाटी आलं की माझ्या आत काय हलतं?

मी ते नीट न्याहाळून पाहिलं. एखादी बातमी येते. ती पुरती वाचायच्या आधीच माझ्या मनात चार नावं येतात: हे याला पाठवलं पाहिजे, हे त्या ग्रुपवर अजून आलेलं नाही. बोट नावांवरून फिरतं, प्रत्येक नावाशी हिरवी खूण उमटते. तेवढ्या वेळात बातमी खरी की खोटी हा प्रश्न मला एकदाही पडत नाही. पडतो तो एकच: माझ्याआधी कुणी टाकली तर नाही ना? पहिला सांगणारा होण्याची ही हाव लहानपणी गावात एस.टी.तून उतरणाऱ्यांत दिसायची. तालुक्याहून आलेला माणूस पारावर टेकायच्या आधीच बोलू लागायचा. पण तो स्वतःच्या तोंडाने बोलायचा. खोटं निघालं तर दुसऱ्या दिवशी त्याच पारावर लोक त्याला धरायचे. मी मात्र 'जसं आलं तसं पाठवलं' एवढं म्हणून मोकळा.

मार्च 2018 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्या अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाली. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक लागली. आपोआप चालणारी खाती, म्हणजे बॉट्स, खरं आणि खोटं साधारण सारख्याच वेगाने पसरवत होती. खोट्याला मिळालेला जास्तीचा वेग माणसांचा होता. खोटं नवं वाटतं, चकित करतं, म्हणून माणसं ते उचलतात. हे वाचलं तेव्हा मला 'माणसं' या शब्दाच्या जागी स्वतःचा अंगठा दिसला.

आणि शंका? ती मला येतच नाही असं नाही. येते, पण निवडून येते. ज्या पक्षाचा मला राग आहे त्याच्या नेत्याबद्दल काही वाईट आलं तर मला ते लगेच पटतं. 'असणारच!' माझ्या बाजूच्या माणसाबद्दल तसंच काही आलं की मी मूळ बातमी शोधतो, तारीख बघतो, व्हिडिओ कापलेला आहे का हे ताणून ताणून बघतो. तपासायची सगळी हत्यारं माझ्याकडे आहेत. मी ती फक्त नावडत्या बातमीवर चालवतो. मग मामांत आणि माझ्यात फरक उरला तो कोणता? त्यांना तपासता येत नाही म्हणून ते तपासत नाहीत. मला येतं, तरी अर्ध्या वेळी मी तपासत नाही. दोघांत जास्त दोषी कोण?

याहून वाईट एक गोष्ट आहे. लिहायला जड जातं. 16 एप्रिल 2020च्या रात्री, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांना जमावाने ठार मारलं. चोर आल्याच्या, मुलं पळवणारे आल्याच्या अफवा त्या भागात फिरत होत्या. पोलीस तिथे असताना हे झालं. तीन माणसं गेली होती. माझ्या फोनवर ती दृश्यं आली तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं? मारणारे कोण असतील, आणि ते कोण निघाले तर आता कुणाला फावेल. त्यांतल्या म्हाताऱ्या साधूचा चेहरा मला नंतर दिसला. आधी हिशेब आला. पुढे काही दिवस या घटनेला धार्मिक रंग देणारे मेसेज इतके फिरले, की अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावं लागलं. ते ऐकून मला हायसं वाटलं. तीन प्रेतांच्या बातमीत हायसं वाटावं असं काय होतं? वाद मी जिंकणार होतो, एवढंच. दुसऱ्या बाजूचा कुणी त्याच वेळी नेमका उलटा हिशेब मांडत असेल, तर मी त्याच्याकडे बोट कोणत्या तोंडाने दाखवू?

गडचिंचलेच्या सुमारे दोन वर्षं आधी राईनपाडा घडलं होतं. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं हे आदिवासी गाव. 1 जुलै 2018, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. त्याआधी कित्येक दिवस त्या भागातल्या मोबाईलवर एकच गोष्ट फिरत होती: मुलं पळवणारी टोळी आली आहे. त्या दिवशी तिथे पाच परके पुरुष पोचले. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. ही भटकी जमात. गावोगाव हिंडून भिक्षा मागणं हा तिचा पिढीजात मार्ग. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला. तेवढं पुरलं. बाजारातला जमाव त्यांच्यावर तुटून पडला, त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आलं, आणि तिथे पाचही जण मारले गेले. ज्या कार्यालयात गावातल्या जन्माच्या आणि मृत्यूच्या नोंदी होतात, त्या कार्यालयात. या मारहाणीचे व्हिडिओ लोकांनी काढले. तेही पुढे पाठवले गेले.

मी राईनपाड्याला कधी गेलेलो नाही. त्यामुळे बरीच वर्षं मी ही घटना 'तिकडची' म्हणून बाजूला ठेवू शकलो. आदिवासी भाग, कमी शिक्षण, नवीनच हातात आलेले फोन, अशी कारणं तयार होती. मग एकदा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. गॅलरीतून काढलेला. खांद्यावर चादरींचं गाठोडं घेतलेला एक माणूस गेटसमोर उभा राहून वर बघतोय. खाली ओळ: 'हा इसम आज दोनदा दिसला. सर्वांनी काळजी घ्यावी.' त्याखाली अंगठे उमटत गेले. त्यातला एक माझा होता. दुपारी बेल वाजली तेव्हा मी दाराच्या भिंगातून आधी पाहिलं, तोच माणूस होता, आणि मी दार उघडलं नाही. चादरी विकायला आलेला माणूस वर बघणार नाही तर कुठे बघणार? गिऱ्हाईक वरच राहतं.

इथे मारहाण झाली नाही. गेटवर रखवालदार होता, त्याने त्याला जायला सांगितलं आणि तो गेला. पण फोटो, खालची ओळ, न विचारता दिलेला अंगठा, परक्या आणि गरीब दिसणाऱ्या माणसाबद्दल आधीपासून तयार असलेला संशय, हे सगळं राईनपाड्यात होतं आणि आमच्याकडेही होतं. आमच्याकडे गर्दी नव्हती. मी कमी शिक्षणाचं कारण देत होतो. आमच्या त्या ग्रुपवर डॉक्टर आहेत, वकील आहेत, बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी आहेत, आणि मी आहे.

पण राईनपाड्याच्याच दिवशी, रात्री, मालेगावात आणखी एक गोष्ट घडली. तीच अफवा, तसाच जमाव. एका परगावच्या कुटुंबाला लोकांनी घेरलं होतं, त्यांच्यासोबत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्याच एका रहिवाशाने त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतलं. पोलीस येईपर्यंत ते आत राहिले, आणि वाचले. बाहेरचा जमाव त्याच्याच वस्तीतला होता. उद्या त्याला त्यांच्यातच राहायचं होतं. अफवा त्याच्याही कानावर आली असणारच. मग त्याने दार कसं उघडलं? दिवाळीच्या पंगतीत कुणी टोमणा मारेल म्हणून मी एक ओळ लिहीत नाही. या दोन भीतींची मी तुलनासुद्धा करू शकत नाही.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सॲप कंपनीने काही केलं. त्याच महिन्यात आलेल्या मेसेजवर 'फॉरवर्ड' ही खूण दिसू लागली, वर्तमानपत्रांत अफवा ओळखण्याबद्दल पानभर जाहिराती आल्या, आणि भारतात एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी मेसेज पाठवता येणार नाही अशी मर्यादा जाहीर झाली. पुढे जानेवारी 2019 मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल 2020 पासून फार हातांतून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने 17 जुलै 2018च्या निकालात जमावाच्या हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात एक जबाबदार पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं. हे सगळं हवंच होतं. पण व्हॉट्सॲपवरचे मेसेज एप्रिल 2016 पासून अशा रीतीने कुलूपबंद असतात की पाठवणारा आणि घेणारा सोडून कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. खाजगीपणासाठी ते मला हवंच आहे. त्याचा दुसरा अर्थ मी बराच काळ लक्षात घेतला नाही. आमच्या घरच्या ग्रुपवर काय चाललं आहे हे बघायला तिथे संपादक नाही, पोलीस नाही, कंपनी नाही. तिथे फक्त आम्ही आहोत. मी गप्प बसलो, तर बोलायला दुसरं कुणी येणार नाही.

मग करायचं काय? फोनच बाजूला ठेवायचा? सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाईल आणि टीव्ही बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. मला या गावाचं मनापासून कौतुक आहे. आमच्या इमारतीत असा भोंगा वाजावा असंही वाटतं. पण माझा आजार दीड तासाच्या विश्रांतीने बरा होणारा नाही. साडेआठला फोन पुन्हा हातात आला की मी तोच असेन: बाहेर शूर, घरात मुका.

आणि ग्रुपचा पहारेकरी व्हायचं म्हटलं, तर त्यातही मला धोका दिसतो. मला चूक दाखवायला आवडतं. फार आवडतं. सत्यशोधन करणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाचा दुवा मामांच्या मेसेजखाली चिकटवून द्यायचा, एक शब्द न लिहिता, हे मला सहज जमेल. त्यात मामांना कळावं ही इच्छा किती, आणि तीस-पस्तीस जणांना माझी हुशारी दिसावी ही किती? दुसरी जास्त असेल तर मी जे फेसबुकवर करतो तेच घरी आणेन. आणि मामा पुन्हा काही टाकतील ते मला खिजवायला.

शेवटी मी फोन केला. मुलं पळवणाऱ्यांबद्दलचाच एक जुना मेसेज त्यांनी पुन्हा टाकला होता, व्हॉइस नोटसकट. मी म्हटलं, "मामा, हे तुम्हाला कुठून आलं?" ते म्हणाले, "आमच्या पेन्शनरांच्या ग्रुपवर आलं. तुम्हा सगळ्यांच्या घरी लहान मुलं आहेत, म्हणून लगेच टाकलं." मी त्यांना राईनपाड्याचं सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी चाळीस वर्षं मास्तरकी केली. मुलांना खोटं शिकवलं नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मी काय काय टाकतो ते तू रोज वाचतोस ना? मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'तुमचा मान' असं म्हणायला तोंड उघडलं नाही. कारण त्याच क्षणी मला कळलं की मी त्यांना मान दिलाच नव्हता. त्यांचं काही खरं नाही, म्हातारे झालेत, टाकू दे काय टाकायचं ते, असं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. ज्याच्याशी वाद घालावा इतकासुद्धा मी त्यांना मोजला नव्हता. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला समजावून सांगता येईल, हा विश्वासच मी ठेवला नव्हता. त्या अनोळखी माणसांना मी निदान उत्तर देण्याच्या लायकीचे समजत होतो.

मामा एका फोनने बदलले नाहीत. लिंबाचा रस अजून येतो. काही बाबतींत त्यांचं मत माझ्या उलट आहे आणि तसंच राहील. तो त्यांचा हक्क आहे. पण मुलं पळवणाऱ्यांचा तो मेसेज त्यांनी स्वतः काढून टाकला, आणि खाली लिहिलं, 'खात्री न करता टाकला होता.' मला वाटतं, हे वाक्य लिहायला लागणारं बळ माझ्या सगळ्या परिच्छेदांत मिळून नाही.

त्यानंतर दुसऱ्या कुणीतरी टाकलेल्या एका मेसेजखाली मी पहिल्यांदा ग्रुपवरच विचारलं: 'हे कुठून आलं, कुणाला माहीत आहे का?' एवढंच. दिवसभर ग्रुपवर शांतता होती. रात्री एका चुलतभावाचा मला स्वतंत्र मेसेज आला: 'बरं झालं विचारलंस. मलाही तसंच वाटत होतं.' मग एका आतेबहिणीचा, साधारण तसाच. ग्रुपवर मात्र दोघांपैकी कुणी काही लिहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला नाही, येऊ शकत नव्हता. असे स्वतंत्र मेसेज मीही अनेकांना पाठवले आहेत, आणि ते पाठवून आपण सोबत केली असं समजून निवांत झोपलो आहे. विचारणाऱ्याला दिवसभर कसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

तुमच्याही घरी असा एक ग्रुप असेल, आणि त्यावर कधीतरी कुणीतरी हा प्रश्न विचारेल. बहुतेक वयाने लहान असेल, एखादी सून किंवा कॉलेजात जाणारा पुतण्या. ग्रुप गप्प होईल. तेव्हा त्याला रात्री स्वतंत्र मेसेज पाठवू नका. तिथेच, त्याच्या प्रश्नाखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहा: मलाही हेच विचारायचं होतं.